मागून लावायचं इंजिन

नाशिककडे जाणारी गाडी कसाऱ्याला थांबली की नेहमीचा प्रवासी आधी चहावाल्याला हाक मारतो. इथे घाई नाही, हे त्याला ठाऊक असतं. थोड्या वेळाने शेवटच्या डब्याच्या बाजूने एक धक्का येतो, बाटलीतलं पाणी डुचमळतं, आणि या मार्गावर नवा असलेला कुणी विचारतो, "काय झालं?" काही झालेलं नसतं. मागून बँकर लागलेला असतो. पुढे थळ घाट आहे. सगळ्यात उभ्या जागी सदतीस मीटर पुढे जावं तेव्हा एक मीटर वर, अशा चढाने जेमतेम १५-१६ किलोमीटरांत गाडीला सुमारे ३०० मीटर उंची गाठायची असते. इगतपुरी आली की बँकर सुटतो. गाडी पुढे भुसावळ, नागपूर, हावडा करत निघून जाते आणि हा गडी रिकामा परत कसाऱ्याला उतरतो. वेळापत्रकात त्याचं नाव नाही, डब्यावर पाटी नाही. हल्ली राजधानीच्या दोन्ही टोकांना तिची स्वतःची इंजिनं असतात, २०२३ पासून शिर्डीला जाणारी वंदे भारतही त्याच्याविनाच घाट चढते. बड्या गाड्यांना तो नकोसा झालाय. मालगाड्यांना आणि आपल्यासारख्यांच्या गाड्यांना मात्र अजून लागतो.

मी विकत घेतलं ते हेच इंजिन. डब्ल्यूएजी-७, एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशी पटीने लहान. आपल्याकडे भारतीय इंजिनांची मॉडेलं करणारे लोक मोजके, तेव्हा आधी पैसे भरायचे, मग वाट पाहायची. "राजधानीचं पांढरं इंजिन शोभिवंत दिसेल, ते घ्या," असं सुचवणारे भेटले. पण शहापूरकराच्या कानात जो आवाज बसलेला असतो, तो राजधानीचा नसतो. आसनगावच्या फलाटावर उभं राहावं, समोर माहुलीचे सुळके ढगात शिरलेले असावेत, आणि डाऊनला एखादी लांबलचक मालगाडी घरंगळत न जाता जोर लावत जावी. चाकांचा ठोका संथ असतो, पण पायाखालचा फलाट थरथरतो. मला घरात हवी होती ती ही थरथर.

खोका उघडला तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती वजन. वीतभर लांबीचं इंजिन, पण तळहातावर घेताच मनगट जरा खाली गेलं. खरं डब्ल्यूएजी-७ १२३ टनांचं. सत्त्याऐंशीचा घन करून भागलं तर मॉडेलचं न्याय्य वजन येतं फक्त १८७ ग्रॅम. पण एवढ्या हलक्या इंजिनाची चाकं रुळावर नुसती फिरत राहतील, पकड घेणार नाहीत. म्हणून करणारे आत जस्ताचा ओतीव सांगाडा घालतात आणि वजन अर्ध्या किलोच्या घरात नेतात. लहान होताना काही गोष्टी प्रमाणाबाहेर वाढवाव्या लागतात, तेव्हाच ती वस्तू खरी वाटते. ललित लिहिणाऱ्याला हा हिशेब नवा नाही.

मग भिंग काढलं. गडद हिरव्या अंगावर क्रीम पट्टा. बाजूच्या हवेच्या जाळ्या इतक्या बारीक की त्यांच्या फटीत रंग साचलेला नाही, हे दोनदा पाहूनही पटेना. बफरच्या खाली वाळूच्या नळ्या आहेत. चढावर चाक घसरलं की रुळावर वाळू सोडायची, त्या नळ्या. शिवणाच्या सुईएवढ्या जाडीच्या त्या नळ्या कुणीतरी प्रत्येक चाकाच्या तोंडाशी वाकवून बसवल्या आहेत. वर दोन पँटोग्राफ. चिमट्याने एक उचलला. तो स्प्रिंगवर हळूच उभा राहिला आणि किंचित डुलून थांबला. माझ्या शेजारच्या मुलाने श्वास रोखला होता, माझंही तेच झालं असणार.

गंमत अशी की तो पँटोग्राफ निव्वळ शोभेचा. खरं इंजिन डोक्यावरच्या तारेतून २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह घेतं आणि रुळांवाटे तो परत पाठवतं. माझं इंजिन दोन रुळांमधूनच, डाव्यातून घेऊन उजव्यात देत, १२ व्होल्टच्या डीसीवर चालतं. आता या डीसीची गोष्ट आपल्या भागात ऐकण्यासारखी आहे. ३ फेब्रुवारी १९२५ला मुंबईच्या व्हीटीहून कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. १९३०मध्ये ती वीज घाट चढून इगतपुरीला पोहोचली. घाटात तेव्हा स्विस घडणीचं, दोन्ही बाजूंना लांब नाक असलेलं इंजिन राबायचं. रेल्वेच्या कागदावर डब्ल्यूसीजी-१, लोकांच्या तोंडी खेकडा. त्याच्या कुंथण्याच्या आवाजाची नक्कल करणारे म्हातारे खर्डीला आणि कसाऱ्याला अजून भेटतात. दोन कप चहात पुरी नक्कल ऐकवतात. एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे. पुढे २००६च्या सुमारास टिटवाळा-कसारा भागातल्या तारेत एसी आला, आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गावरूनही डीसीने निरोप घेतला. तो आता आमच्या माळ्यावर राहायला आलाय. बरं, डब्ल्यूएजी-७लाही डीसीचं अगदीच वावडं नाही. तारेतला एसी पोटात घेऊन त्याचा डीसी करायचा आणि मगच सहा मोटरांना द्यायचा, अशी त्याची रीत आहे.

माळ्यावर आठ बाय चारचा प्लाय आहे. त्यावर घाट. चढ मी खऱ्याइतकाच ठेवलाय, सदतीसला एक, म्हणजे मीटरला २.७ सेंटिमीटर. वळणाच्या बाबतीत मात्र इमान राखणं अशक्य. माझं वळण पंचेचाळीस सेंटिमीटर त्रिज्येचं आहे. सत्त्याऐंशीने गुणलं तर ३९ मीटर भरतं. खऱ्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरांपेक्षा आवळ वळण चालत नाही. म्हणजे खऱ्या ड्रायव्हरला माझा घाट दाखवला तर तो इंजिनातून उतरून घरी जाईल. एहेगावचा पूलही मापात घालायचा म्हटलं, तर १८२ फूट उंचीचे ६४ सेंटिमीटर होतात. माळ्याच्या कौलाला टेकले असते. मी तो एका ओढ्यापुरता केला. १८६५ मध्ये हा घाट खुला झाला तेव्हा हजारो मजुरांनी छिन्नी-सुरुंगाने जे केलं, त्यापुढे प्लास्टर आणि सुरी घेऊन बसणाऱ्याने उंचीची बढाई मारू नये. खडी मात्र अस्सल आहे. इथल्याच क्रशरवरची काळ्या दगडाची कच, चहाच्या गाळणीतून चाळलेली. त्या गाळणीवरून स्वयंपाकघरात काय झालं, ते इथे नको.

आणि रुंदी! एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतरावर असतात, ते युरोपच्या गेजाचं माप. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला सव्वाएकोणीस लागतील. त्यामुळे समोरून पाहिलं की इंजिनाची छाती भरदार आणि पाय जवळ जवळ. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथे गावं, सिग्नल, घाट, रोपवे सगळं हलतं, दिवे मालवून रात्रही होते. पण तिथल्या गाड्या परदेशी थाटाच्या. त्यांच्यात आपलं कुणी नाही, असं लहानपणी वाटलं होतं. आता आपलं माणूस मिळालं, जरा पाय जवळ असले तरी चालेल.

पहिल्याच आठवड्यात कळलं की मागून ढकलणं सोपं काम नाही. पुढे माझं जुनं डिझेल, मध्ये वाघिणी, मागे नवा बँकर. दोघांना व्होल्टेज एकच, पण स्वभाव वेगळा. नव्याची मोटर लवकर जागी होते. पुढचा अजून अळोखेपिळोखे देतोय तोवर मागच्याने रेटा दिला की वळणावरची सगळ्यात हलकी वाघीण हवेत उचलली जाते आणि पाच-सहा जणींना घेऊन ओढ्यात. खऱ्या घाटात पुढचा ड्रायव्हर शिटी देतो, मागचा तशीच शिटी देऊन कळलं म्हणून सांगतो, मगच दोघं जोर लावतात. आता बोलायला वॉकीटॉकीही असतात. माझ्या इंजिनांना एकमेकांचं ऐकायला शिकवण्यासाठी मी प्रत्येकात एक इवलं सर्किट बसवलं आणि दोघांच्या चाली जुळवत बसलो. ताशी ३० किलोमीटर वेग एचओत उतरवला तर सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर होतो. त्याहून भरभर कुणीही पळवतं. या वेगाने, एकही झटका न देता, वाघिणी वळण घेत वर जाताना पाहणं यात जो आनंद आहे तो वेगाच्या खेळण्यात नाही. लहान मुलं पहिल्या फेरीला "जोरात, जोरात" ओरडतात. तिसऱ्या फेरीला गप्प होतात आणि हनुवटी प्लायवर टेकवतात.

पावसाळ्यात खेळ निम्मा झाडपुशीचा. आमच्याकडचा दमट वारा रुळांवर काळा थर धरतो, चाकांशी ठिणग्या उडतात, इंजिन उचक्या देतं. मग मऊ रबराने आणि स्पिरिटने रूळ पुसायचे. लाईट जाते ती वेगळीच. जोराची सर आली, वीज गेली, माझी मालगाडी ऐन चढावर गोठते. अशा वेळी खिडकीतून लांबून खऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येतो. गावात दिवा नाही, पण गावाशेजारून २५,००० व्होल्ट बिनतक्रार वाहत असतात. विजेची एवढी मोठी वहिवाट दारातून जावी आणि दाराला थेंब नाही, याचा मला राग येतो. भातसा, तानसाचं पाणी मुंबईला जाताना पाहत मोठे झालेल्या तालुक्याला हा राग नवा नाही, म्हणून लवकर निवळतो.

मुरबाडचा राग निवळत नाही. माझी सासुरवाड तिकडची, सरळगावच्या पुढे. शहापूरहून किन्हवलीमार्गे गेलं तर तालुक्याला तालुका लागून, पण तिकडे रूळच नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेचं नाव तिथे कित्येक निवडणुका ऐकतायत. भेंडी, काकडीच्या पाट्या टेम्पोनेच कल्याणच्या बाजारात जातात. सासरे इंजिन पाहायला मुद्दाम माळ्यावर चढले. किंमत ऐकून आधी म्हणाले, "जावई, एवढ्यात म्हसाच्या जत्रेतून दोन शेळ्या आल्या असत्या." मग टेकून बसले. गाडी वर गेली, सुटलेला बँकर एकटा खाली आला, तेवढ्यात त्यांनी प्लायच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे काय?"

"इथे मुरबाड, मामा. फाटा काढतोय."

"सरकारच्या आधी?"

"हो."

त्यांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. स्टेशन बाजारपेठेत नको, गर्दी होते, शेवटाकडे हवं. फलाट लांब हवा, पाट्या उतरवायला छप्पर हवं, बैलगाडी वळेल एवढी जागा हवी. मी बैलगाड्या आता कुठे राहिल्या म्हटलं, तर म्हणाले, म्हसाच्या जत्रेच्या दिवसांत येऊन बघा. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "आणि आमच्या गाडीला हे मागून इंजिन लावणार का?"

"मुरबाडपर्यंत सपाटी आहे, मामा. लागत नाही."

"मग माळशेजपर्यंत न्या की. तिथे घाट आहे."

माळशेज बसायला प्लायवर जागा नाही. दुसऱ्या प्लायचा भाव काल विचारून ठेवलाय.