हिमायतसागरच्या काठावरची एक सकाळ

काचीगुड्याच्या माणसाला समुद्र नाही. मुंबई-ठाण्याकडचे नातेवाईक खाडीतल्या फ्लेमिंगोंचे फोटो पाठवतात आणि आपण 'वा, छान' म्हणतो. पण घरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आपल्यालाही एक किनारा आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. हिमायतसागर! 1908 साली मुसीला महापूर आला, हजारो माणसं गेली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून दोन तलाव झाले, 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर. बांधले शहरासाठी, पण पक्ष्यांनीही ते आपले मानले.

आमचं चार-पाच जणांचं टोळकं आहे. सगळे सत्तरीच्या आसपासचे. त्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो. यादी ते करतात, फोटो मी काढतो, आणि दुर्बिणीतून सगळ्यात आधी पक्षी आमच्या सौ.लाच दिसतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ऐरोलीहून माझा भाचा आला होता. ठाणे खाडीत बोटीतून जाऊन त्याने फ्लेमिंगो पुष्कळ टिपलेत. हौशी मुलगा, आणि कॅमेऱ्याची लेन्स माझ्या हाताएवढी. म्हणाला, "मामा, मला पण न्या." म्हटलं, चल.

पहाटे सव्वापाचला निघालो. मेहदीपट्टणमला टपरीवर चहा घेतला आणि उजाडायच्या आत काठावर पोहोचलो. फेब्रुवारीत पाणी मागे सरतं आणि चिखल उघडा पडतो. आपल्याला तो चिखल वाटतो, पण त्यात किडे, अळ्या, गोगलगायी खच्चून भरलेल्या असतात. पाहुण्या पक्ष्यांचं ताट तेच.

पहिली ओरडली अर्थातच टिटवी. तिने सगळ्या तलावाला आमची वर्दी दिली. मग हळूहळू दिसायला लागलं. लांब लाल पायांचे शेकाटे, चोच थापीसारखी असलेली थापट्या बदकं, चोचीवर पिवळा-लाल रंग मिरवणारी हळदी-कुंकू बदकं. मधे काळेभोर वारकरी, कपाळाला पांढरा टिळा लावलेले. काय एकेक नावं आहेत आपल्या भाषेत! सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी 'पक्षीकोश' केला नसता तर यातली कितीतरी आपल्याला ठाऊकच झाली नसती.

आणि पलीकडे उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. सरांनी दोनदा मोजले, 43 भरले. मान खाली, चोच उलटी, पायाने गाळ ढवळायचा आणि पाणी गाळून खायचं. एकालाही मान वर करायला फुरसत नव्हती.

भाच्याने शंभरेक फोटो काढले आणि मग बूट काढून पँट दुमडायला लागला. म्हटलं, "कुठे रे?"

"मामा, असे उभ्याचे फोटो माझ्याकडे ढीगभर आहेत. पंख उघडले की आतला गुलाबी रंग दिसतो, तो पाहिजे. जरा जवळ गेलो की उडतील. तुम्ही इथूनच काढा, तुम्हालाही मिळेल."

"नको. त्यांना उडवायचं नाही."

"अहो मामा, पक्षीच आहेत ना? उडणारच. गोल फिरून परत बसतील. सगळेच करतात."

आता मी पडलो बँकेतला माणूस. मला जे समजतं त्याच भाषेत सांगितलं. पक्ष्याच्या अंगावरची चरबी म्हणजे त्याची शिल्लक. दिवसभर टिपून जे मिळतं त्यातला रोजचा खर्च वजा जाऊन उरेल तेवढंच खात्यात पडतं. समोर चिखलात तो चिमणीएवढा टिलवा पळतोय ना, त्याचं वजन 25 ग्रॅमच्या आसपास. आणखी दोन-तीन महिन्यांत तो इथून उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात निघणार, अंडी घालायला. एवढा प्रवास करणारे किनाऱ्यावरचे पक्षी निघण्याआधी निम्म्याने, काही तर जवळजवळ दुपटीने वजन वाढवतात. 2022 मध्ये गॉडविट जातीचं एक पिल्लू, जेमतेम पाच महिन्यांचं, अलास्काहून निघून 11 दिवस कुठेही न उतरता 13,560 किलोमीटर उडत थेट टास्मानियाला पोचलं. हे सगळं साठवलेल्या चरबीवर. त्यांना वाटेत ओव्हरड्राफ्ट कोण देणार? आणि उडण्यात सगळ्यात महाग असतं ते उठणं. फ्लेमिंगोला तर पाण्यावर धावत धावतच उठावं लागतं. तू एक फोटो काढणार, पण पैसे त्याच्या खात्यातून जाणार, आणि सहीसुद्धा त्याची नाही.

तो थांबला, पण पटलं नव्हतं. तेवढ्यात पलीकडून दलदली भोवत्या आला. घारीएवढा शिकारी, पाण्यावरून अगदी खालून उडत येतो. क्षणात बदकं, शेकाटे, टिलवे सगळे आकाशात! फ्लेमिंगोंनी मात्र माना ताठ केल्या आणि चार पावलं सरकले. भाचा म्हणाला, "बघा, त्याने उडवलेले चालतात. मी उडवले तर पाप!"

मुद्दा खोटा नव्हता. मी जरा गप्पच झालो. सर म्हणाले, "अरे, तो भोवत्या त्यांच्या हिशेबात धरलेला आहे. हजारो वर्षं तो येतोय आणि हे उडतायत. आपण हिशेबाबाहेरचे. आता रविवारी दहा गाड्या येतात, सगळ्यांना एकच फोटो पाहिजे. सकाळी दहापर्यंत दहा वेळा उडाले, तर खायचं कधी?"

"मग दुसरीकडे जाऊन बसतील."

यावर सौ. पहिल्यांदा बोलली. "कुठे रे? बघ ना चहूकडे."

खरंच होतं. 1996 साली सरकारने 111 क्रमांकाचा आदेश काढला. दोन्ही तलावांभोवती 10 किलोमीटरच्या टापूत, 84 गावांत बांधकामांवर बंधनं आली. 2022 मध्ये ती बंधनं उठवण्याचाही आदेश निघाला. आम्ही उभे होतो तिथूनही इमारतींच्या रांगा दिसतात. सलीम अलींनी 1931-32 मध्ये निजामाच्या राज्याचं पक्षी-सर्वेक्षण केलं, आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात. त्यांच्या वेळी पक्ष्यांना 'दुसरीकडे' होतं. आता ते फार उरलेलं नाही.

भाच्याने बूट घातले. डबा उघडला, पोहे खाल्ले, पण बोलला नाही. परतीच्या वाटेवर गाडीत फोनमध्ये डोकं. संध्याकाळी बहिणीचा फोन, "दादा, पाहुणा म्हणून आलेल्या पोराला चारचौघांत एवढं ऐकवायचं? एक फोटोच तर होता." मी म्हटलं, "ताई, ऐकवलं नाही, हिशेब सांगितला." तिला ते आवडलं नाही. होळीला नेहमी येणारा तिचा फोन यंदा आला नाही. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण तो पुन्हा पाण्यात उतरू लागला तर मी पुन्हा 'नको' म्हणेन.

फोटोची हौस असणाऱ्यांना सांगतो. एका जागी बसून राहा. अर्ध्या तासाने पक्षी आपणहून जवळ येतात. टिलवे त्या दिवशी आमच्यापासून पंधरा फुटांवर आले होते. खाणारा पक्षी मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला की समजायचं, आपण पुरेसे जवळ आलोय. तिथेच थांबायचं. घरट्याजवळ तर कॅमेरा नेऊच नये. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवू नये. आणि फोटो नाही मिळाला तर यादी करा, नुसते आकडे. सरांकडे नऊ वर्षांच्या वह्या आहेत, कुठल्या रविवारी काय किती दिसलं. माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा त्या वह्या मला मोलाच्या वाटतात.

नोव्हेंबरपासून पुन्हा जाणार आहोत. कोणाला यायचं असेल तर जरूर या. कपडे मातकट रंगाचे घाला, पांढरे नकोत. टोपी आणि पाणी आणा. दुर्बिणी आमच्याकडे दोन आहेत, आळीपाळीने बघू. भाच्यालाही कळवलंय. अजून उत्तर नाही, पण निरोपापुढच्या दोन खुणा निळ्या झाल्यात.