गेल्या वेळेसारखंच हवं!

गाणी ऐकायला तुम्हांला वेळ मिळतो का, असं मी विचारणार नाही. मिळतो तो कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे, हे तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण माझंही तेच आहे. तरीसुद्धा आज मी तुम्हांला एका इंग्रजी गाण्यांच्या बँडची हकीकत सांगणार आहे. पान उलटू नका हं! रॉक संगीत म्हटलं की आपल्याला धडधडाट आणि लांब केसांची ओरडणारी मुलं आठवतात. हा बँड त्यातला नव्हे. सुरेल चाली, तीन निरनिराळे गळे, आणि शब्द कळले नाहीत तरी ओठांवर येणारी गाणी. नाव फ्लीटवुड मॅक.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती भिंतीपलीकडून. आमच्या धाकट्या भाऊजींचं ऑफिसचं काम घरूनच चालतं आणि कामाबरोबर त्यांचा स्पीकरही चालतो. त्यामुळे फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' हा आल्बम वर्षभरात मला जवळजवळ पाठ झाला. पोळ्या लाटायला त्याचा ठेका फार सोयीचा! मग एके दिवशी तिकडून भलतेच आवाज यायला लागले. कोणी खोकी बडवतंय, कोणी मधेच खेकसतंय. मी दारातूनच म्हटलं, "भाऊजी, हे काय लावलंय? तुमचं नेहमीचं लावा ना." तर हसून म्हणाले, "वहिनी, हीच ती माणसं. आणि तुम्ही आत्ता जे म्हणालात ना, तेच तेव्हा सगळं जग त्यांना म्हणालं होतं."

मग काय, मी खोलातच शिरले.

बँड मूळचा लंडनचा, 1967 सालचा. ड्रम वाजवणारा मिक फ्लीटवुड आणि बास गिटार वाजवणारा जॉन मॅकव्ही या दोघांच्या आडनावांवरून हे नाव पडलं. जॉनची बायको क्रिस्टीन पियानो वाजवायची, गाणी लिहायची आणि गायचीही. तिचं माहेरचं आडनाव काय होतं सांगू? परफेक्ट! असं आडनाव घेऊन सासरी जायचं म्हणजे केवढी जोखीम, नाही का? पुढे मंडळी अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेली आणि 1975 मध्ये लिंडसे बकिंगहॅम हा गिटारवाला आणि स्टीव्ही निक्स ही गायिका, हे आणखी एक जोडपं त्यांना येऊन मिळालं.

1976 मध्ये नवा आल्बम करायला बसले तेव्हा क्रिस्टीन आणि जॉन वेगळे झालेले, लिंडसे आणि स्टीव्हीचं फाटलेलं, आणि मिकचाही संसार मोडायला आलेला. आपल्याकडे अशा वेळी माणसं एकमेकांच्या दारावरून जायचं टाळतात. ही पाच माणसं रोज एका खोलीत बसून एकमेकांवरची गाणी एकमेकांना वाजवायला लावत होती. क्रिस्टीनने आपल्या नव्या मित्रावर गाणं लिहिलं आणि जॉनला सांगितलं, हे माझ्या कुत्र्यावर आहे! जॉनने त्यावर बास वाजवला, आणि सुंदर वाजवला. हा आल्बम म्हणजे 'रूमर्स', अर्थात अफवा. 1977 च्या फेब्रुवारीत तो आला, अमेरिकेच्या यादीत एकूण 31 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि आजवर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत.

आता तुम्हीच सांगा, यानंतर लोकांनी काय मागितलं असेल? एकदा तुमचे अनारसे जाळीदार झाले की पुढच्या दिवाळीला सगळं गणगोत काय मागतं? तेच! रेकॉर्ड कंपनीलाही दुसरा 'रूमर्स' हवा होता.

लिंडसेने मात्र हट्ट धरला, की तेच पुन्हा करायचं नाही. त्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत तरुण पोरांचं नवं, खरखरीत, घाईघाईचं संगीत आलं होतं. त्यापुढे आपण गुळगुळीत होऊन बसू, अशी भीती त्याला वाटली. गाण्यांचे तुकडे तो घरीच ध्वनिमुद्रित करायला लागला. न्हाणीघराच्या फरशीवर माइक ठेवून त्यापुढे ओणवा होऊन गायचा. ढोलाऐवजी कागदी रुमालांची खोकी बडवायचा. (मी ऐकली ती खोकी हीच!) एके दिवशी आपले लांब केस स्वतःच कापून स्टुडिओत आला, अशी आठवण ध्वनिमुद्रण करणाऱ्या केन कॅलाट यांनी सांगितली आहे. घरातलं कोणी असं करून आलं तर आपण आधी कपाळाला हात लावून ताप बघू.

1979 च्या ऑक्टोबरमध्ये 'टस्क' आला. टस्क म्हणजे हत्तीचा सुळा, पण मुखपृष्ठावर हत्ती नाही, कोणाची तरी विजार दातांत धरून ओढणारा कुत्रा आहे. दोन तबकड्या, वीस गाणी, खर्च दहा लाख डॉलरच्या वर. शीर्षकगीताची गंमत तर अशी, की मिकने फ्रान्समधल्या एका खेड्यात सकाळी सकाळी गावचा ब्रास बँड ऐकला होता. सगळं गाव त्याच्या मागोमाग जातं, हे पाहून त्याने ठरवलं, आपल्यालाही असंच हवं. मग लॉस एंजलिसच्या विद्यापीठातला शंभरावर मुलांचा संचलनाचा बँड एका बेसबॉलच्या मैदानावर उभा केला आणि गाण्यात घेतला. आपल्याला वरातीच्या बँडची सवय, त्यामुळे हे गाणं मला परकं वाटलंच नाही! तेव्हा जॉन ताहिती बेटावर होता, म्हणून चित्रीकरणात त्याच्याऐवजी त्याचा पुठ्ठ्याचा पुतळा मिरवला. सगळ्यांत शहाणा तोच, असं मला राहून राहून वाटतं.

पण माझं लक्ष वेधलं ते निराळ्याच गोष्टीनं. वीस गाण्यांचा हिशेब मांडला (मास्तरीण ना मी!) तर लिंडसेची नऊ, क्रिस्टीनची सहा, स्टीव्हीची पाच. आणि आल्बम सुरू होतो क्रिस्टीनच्या गाण्यानं, संपतोही तिच्याच गाण्यानं. दोन्ही संथ, मऊ, पूर्वीच्याच घाटणीची. मधे एवढी आदळआपट चाललेली, पण दार उघडणारी आणि शेवटी दार लोटून घेणारी तीच. तिने चाल बदलली नाही आणि दुसऱ्याचा बदल अडवलाही नाही. सगळे लिंडसेच्या धाडसाचं कौतुक करतात. करोत बापड्या. त्याच्या नऊ गाण्यांपैकी तीन-चार मला अजूनही सोसत नाहीत. पण ज्या नवऱ्याशी काडीमोड झाला त्याच्याच बासवर गात, शेजारी दुसऱ्याची खोकी सहन करत, आपला सूर न सोडणं, हे मला जास्त अवघड वाटतं.

'टस्क' सुमारे चाळीस लाख खपला. एखाद्या दुसऱ्या बँडने पेढे वाटले असते. यांच्या बाबतीत मात्र लोक म्हणाले, पडला! प्रकाशनाआधी रेडिओवर सबंध आल्बम वाजवला, लोकांनी घरी टेप करून घेतला, म्हणून खप बसला, असं मिकचं म्हणणं. काही असो, पुढचा 1982 चा 'मिराज' पुन्हा गोड, पुन्हा गुळगुळीत निघाला आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. लिंडसेला बाकीच्यांनी सांगितलं होतं, आता पुरे.

हे वाचताना मला हसू आलं नाही, त्याचं कारण सांगते. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात मी मुलींचं कोळीनृत्य बसवलं होतं. 'वन्स मोअर' मिळाला. यंदा मला वाटलं, जात्यावरच्या ओव्या घ्याव्यात. पेटी नाही, ढोलकी नाही, नुसतं जातं, सूप, चाळण आणि पितळी डबे. वरून निरोप आला, "कोळीनृत्यच घ्या, पालकांना आवडतं. कपडेही तयार आहेत." आमच्यासारख्यांनी फार ताणायचं नसतं. जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही, हे त्यांच्या हातात असतं. तरी मी दोनदा, तीनदा जाऊन विचारलं. शेवटी सहा मिनिटं मिळाली.

टाळ्या बेताच्याच पडल्या. एक आई मला जिन्यात भेटून म्हणाली, "बाई, गेल्या वर्षीचं फार छान होतं हं!" पण एका मुलीच्या आजी तालमीला शाळेत आल्या होत्या. त्यांनी सात ओव्या सांगितल्या, त्या मला कुठल्याच पुस्तकात सापडल्या नाहीत. आणि ज्या मुलीला नाचात नेहमी शेवटच्या रांगेत उभं करतात, ती चाळणीवर असा ताल धरून बसली की जात्याची घरघर तिच्या मागून चालली. लिंडसेजवळ 'रूमर्स'ची पुण्याई होती, त्याला हट्ट परवडला. माझ्याजवळ एक 'वन्स मोअर' होता, तो मी खर्च करून टाकला. जून यायचाय.

क्रिस्टीन 30 नोव्हेंबर 2022 ला गेली. 'टस्क'ची किंमत मात्र पुढे वाढतच गेली, आज जाणकार त्याला 'रूमर्स'च्या शेजारी बसवतात.

ऐकणार असाल तर पहिल्या दिवशी सबंध लावू नका. दुपारी सगळं आवरल्यावर आधी स्टीव्हीचं 'सारा' ऐका. साडेसहा मिनिटांचं आहे, निवडायला मेथीची एक जुडी घेऊन बसा. मग क्रिस्टीनचं 'ओव्हर अँड ओव्हर'. त्यानंतर, घरात कोणी नसताना, ब्रास बँडवालं 'टस्क' मोठ्या आवाजात लावा. लिंडसेचं 'द लेज' राहू द्या दोन-चार दिवस. आणि लावाल तेव्हा गॅसवर फोडणी ठेवू नका.