चिऱ्यातला जयबा

जयगडच्या किल्ल्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. तट बांधावा तो ढासळावा. शेवटी नरबळी द्यायचं ठरलं, जयबा नावाचा तरुण स्वखुशीनं पुढं झाला, चिऱ्यांत चिणला गेला, आणि गडाला त्याचं नाव मिळालं. विजापूरकर, संगमेश्वरचे नाईक, आंग्रे, १८१८ साली इंग्रज, ज्यांनी ज्यांनी गड राखला त्यांची नावं इतिहासात आहेत. जयबा मात्र फक्त गोष्टीत. कोणी सांगताना त्याची जात सांगतं, कोणी गाळतं. पुरंदर किल्ल्याच्या शेंदऱ्या बुरुजाखाली बळी गेलेली नाथनाक आणि देवकाईही अशीच गोष्टीपुरती उरलीत.

मला जयबाचं चित्र काढायचं होतं. पहिली तीन रेखाटनं गोष्टीबरहुकूम झाली : छाती पुढं, गळ्यात हार, नजर वर. तिन्ही खोटी वाटली.

मग बारावीतल्या भाच्याला किल्ल्यात नेलं. बुरुजाच्या आतल्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला टेकवून त्याला उभं केलं. पाच मिनिटं तो हसत होता. नंतर खांदे हळूहळू कानांकडं चढले. उजव्या हाताचा पंजा मागं जाऊन चिऱ्यावर पालथा दाबला गेला, बोटं फाकली. मी काही सांगितलं नव्हतं. ''मावशी, पुरे ना आता,'' तो म्हणाला. ऊन होतं, समोर खाडी मोकळी होती, कुठल्याही क्षणी तो बाजूला होऊ शकत होता. तरीही अंगाला भिंत नको झाली होती. त्या क्षणी स्वखुशीवरचा माझा विश्वास उडाला. मेलेल्याची खुशी जिवंत राहिलेल्यांनी सांगितली आहे.

मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांनी 'वुंड्स' मालिकेत कागदाच्या लगद्यातून पांढऱ्यावर पांढऱ्याच जखमा उठवल्या. तिथं माणूस दिसत नाही, तरी अंग शहारतं. चित्रकार सवी सावरकर, आपल्या नागपूरचे, अस्पृश्याच्या गळ्यातलं मडकं नि कमरेचा झाडू थेट समोर आणतात. मला दोन्ही हवं होतं : खूण आणि माणूसही.

बाजारातला तांबडा रंग लावून पाहिला. तो फार नटलेला दिसला. गावच्या चिरेखाणीतून तुकडे आणले, खलबत्त्यात कुटले, मलमलीतून चाळले, डिंकाच्या पाण्यात कालवले. ओला असताना तो रंग रक्तासारखा दिसतो, वाळल्यावर भाजक्या विटेसारखा. त्याच रंगानं भिंत काढली आणि त्याच रंगानं जयबा. चेहरा काढला नाही. वर चढलेले खांदे आणि भिंतीवर दाबलेला तो पंजा तेवढा काढला. नखांतली तांबडी माती आठवडाभर निघाली नाही.

चित्र पुरं झालं असं मला वाटलं होतं. भाचा बराच वेळ बघत राहिला.

''मावशी, चिरे लावणारा गवंडी कुठाय? याच्या समोरच असणार ना तो?''

त्या रात्री उरलेला रंग पुन्हा भिजवला. खालच्या कडेला एक हात काढायला घेतला. हातात थापी, थापीवर ओला चुना.