सहकुटुंब रत्नागिरी

समुद्राकाठच्या एखाद्या शहरात सुट्टी घालवायचे ठरले, की घरात पहिली चर्चा होते ती किती स्थळे पदरात पाडून घेता येतील याची. आपण रत्नागिरीला जाणार असाल तर एक विनंती आहे : यादी निम्मी करावी आणि मुक्काम एका दिवसाने वाढवावा.

ही सूचना अनुभवाची आहे. गेल्या फेब्रुवारीत आम्ही बहात्तर वर्षांच्या वडिलांना घेऊन तेथे गेलो होतो. आई गेल्यापासून दीड वर्षात त्यांनी घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला होता. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले होते. वडील मान डोलावीत आणि आरामखुर्चीतच बसून राहत. चाळीस वर्षे इतिहास शिकवलेला हा माणूस दिवसाकाठी दहा वाक्येही बोलेनासा झाला होता.

पहिल्याच दिवशी आम्ही चूक केली. रात्रभराचा प्रवास, सकाळी नुसता चहा, आणि साडेअकराला थेट रत्नदुर्ग! घोड्याच्या नालासारखा पसरलेला हा किल्ला, तीन बाजूंना समुद्र, आत भगवतीचे मंदिर, तटावरून दिसणारे दीपगृह. मोह पडावा असेच सारे आहे. पण कोकणातली हवा दमट. घाम येतो तो वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज अंग निवत नाही. त्यातच वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी. उतरताना पायऱ्यांवरच त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पायथ्याशी सरबत विकणाऱ्या एका बाईंनी त्यांना सावलीत आडवे केले, पाय पिशवीवर उंच ठेवले, मानेवर ओला पंचा टाकला आणि पूर्ण शुद्ध आल्यावरच कोकम सरबत घोटघोट पाजले. “आजोबा, किल्ला कुठे पळून जात नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. मला मात्र ते चांगलेच लागले.

म्हणून वाचकहो, ज्येष्ठांना नेताना किल्ला सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर पाहावा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे. रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. मनाने त्या बंद करू नयेत. शहाळ्याचे पाणी उत्तम खरे, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते सल्ल्याशिवाय घेऊ नये. आणि उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून निघाले, तर सरबताच्या नादी न लागता तडक रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकच ठिकाण ठेवले : थिबा राजवाडा. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी सहकुटुंब रत्नागिरीला आणून ठेवले. हा जांभ्या दगडाचा, उतरत्या छपरांचा वाडा त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधून झाला. १९१६ साली थिबा येथेच वारला; मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही. वरच्या मजल्यावरील अर्धवर्तुळाकार खिडक्यांपाशी वडील बराच वेळ उभे राहिले. मग एकाएकी नातवाला जवळ घेऊन म्हणाले, “दिल्लीच्या बहादूरशाह जफरला इंग्रजांनी कुठे पाठवले, ठाऊक आहे? रंगूनला. आणि रंगूनच्या बाजूचा राजा इथे.” पुढचा पाऊण तास ते बोलत होते. मुलगा मधूनमधून प्रश्न विचारत होता. मी आणि पत्नी मागे मागे राहिलो.

राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि सूर्यास्त पाहायला विसरू नये. टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान आणि भागोजीशेठ कीर यांनी सावरकरांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये सर्व जातींसाठी उभारलेले पतितपावन मंदिर ही दोन्ही गावातच आहेत. मुले बरोबर असतील तर झाडगावचे मत्स्यालयही पाहावे. तिथला देवमाशाचा सांगाडा पाहून आमच्या चिरंजिवांची वाचाच बसली.

चालण्यासाठी मात्र भाट्याचा किनारा. एका अंगाला सुरूचे बन, दुसऱ्या अंगाला सपाट, ओली, घट्ट वाळू. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि घोटे, गुडघे दुखावतात. ओल्या वाळूवर वृद्धांनाही सहज चालता येते. मधुमेह असलेल्यांनी मात्र अनवाणी चालू नये. पायाला शिंपला कापल्याचे त्यांना कधी कधी कळतही नाही. ओली वाळू केव्हा मोकळी सापडेल, याचा एक जुना हिशेब किनाऱ्यावरचे लोक सांगतात : तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची अंदाजे वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तेव्हा भरती सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्याआधी किंवा त्यानंतर सुमारे सहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जाल तर पहाटे आणि सायंकाळी किनारा ऐसपैस मिळतो. पाण्यात उतरायचे असेल तेव्हा हा हिशेब पुरेसा नाही. तेथे स्थानिकांनाच विचारावे.

आरे-वारेच्या वळणावळणाच्या रस्त्याने गणपतीपुळे सुमारे पंचवीस किलोमीटर. तो रस्ताच पाहण्याजोगा आहे. पण पुळ्याचा समुद्र देखणा तितकाच दगाबाज. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, मुलाचा हात सोडू नये. कोणी ओढीत सापडलेच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजत येण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे. पुढे मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे; तेथील सावलीत तासभर बसता येते.

जेवणाबद्दल थोडेच. मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळी मासळी पाहावी : कल्ले लाल, डोळे चकचकीत आणि दाबल्यावर मांस परत वर येणारे. तळलेल्यापेक्षा कालवण पथ्याचे, सोबत सोलकढी. एप्रिल-मेमध्ये गेलात तर हापूस टाळता येणार नाही हे मी जाणतो. मधुमेहींनी फोड घेतली तर त्या जेवणातला भात कमी करावा आणि साखर तपासावी.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही मांडवीच्या काळ्या वाळूवर बसलो होतो. वडिलांनी नातवाला विचारले, “उद्या तिथी कोणती?”

“तृतीया.”

“तीन पाऊणे?”

“सव्वादोन.”

“म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आपली गाडी साडेदहाची ना? सातला भाट्याला जाऊन येऊ.”