हरवलेला पाव

रविवारी चॉकलेटचा फ्रेंच टोस्ट करायचा, तर त्याची तयारी शुक्रवारी रात्री सुरू होते. पाकिटातले शेवटचे चार स्लाइस कुणी संपवायचे नाहीत, एवढीच ती तयारी. ताज्या पावाचा टोस्ट मी एकदा केला होता. उलथनं खाली सरकवलं आणि स्लाइस मधोमध दुभंगला. तव्यावर राहिला तो नुसता लगदा. शिळा पाव तसं करत नाही. त्यातला ओलावा उडालेला असतो, गर घट्ट झालेला असतो. तो पोटभर दूध पितो आणि तरी अंग धरून राहतो.

फ्रेंच लोक या पदार्थाला ‘पॅं पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे हरवलेला पाव, वाया गेलेला पाव. जर्मनीत त्याचं नाव ‘गरीब शिलेदार’. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या दिवसांत दुधात भिजवून, अंड्यात बुडवून तळतात, ती ‘तोरिहास’. आणि फार लांब कशाला जा? आमची आजी कालच्या पोळ्या कुस्करून गूळ-तुपात त्यांचे लाडू वळायची, तेही याच घराण्यातले. इतक्या मुलखांतल्या बायकांना उरलेल्या घासावर गोड उपाय सुचावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता चॉकलेट. कोको पावडर थंड दुधावर टाकली की तरंगत राहते, फेटून फेटून हात दुखले तरी गुठळ्या मोडत नाहीत. 1828 साली ॲमस्टरडॅमच्या व्हान हौटेन घराण्याने कोकोतलं लोणी दाबून काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही पावडर घरोघर जाऊ शकली. पण सगळं लोणी काही निघत नाही, थोडी स्निग्धता उरतेच, म्हणून ती पाण्याला-दुधाला सहज जवळ करत नाही. तिला आधी साखरेत मिसळावं, चमचा-दोन चमचे गरम दूध घालून चकचकीत लेप होईपर्यंत घोटावं, मग वाटीभर दूध, दोन अंडी आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्यावाचून कोको मुका राहतो.

दोन स्लाइसच्या मधे डार्क चॉकलेटचे तुकडे ठेवायचे, कडा बोटांनी दाबायच्या, मिश्रणात दोन्ही बाजूंनी भिजवायचं आणि लोणी वितळलेल्या तव्यावर अलगद सोडायचं. इथून पुढे डोळे कामाचे नाहीत. साधा टोस्ट सोनेरी झाला की कळतं. हा पहिल्यापासूनच तपकिरी, भाजला की करपला हे रंग सांगत नाही. नाकावर भिस्त ठेवावी लागते. आधी दुधाचा वास येतो, मग लोण्याचा, मग गरम चॉकलेटचा. त्यात कडवटपणाची पहिली छटा यायच्या आत उलटायचं. आच मंदच हवी. साखर आणि कोको दोघंही उतावळे, आतलं अंडं मात्र सावकाश बांधलं जातं. आवाजही ऐकावा: ओली चरचर कोरडी होत गेली की बाजू झाली.

पहिला घास गरम असतानाच घ्यावा. कोकोचं लोणी साधारण 34 अंशांवर वितळतं, आपल्या अंगाच्या उष्म्यापेक्षा थोडं कमीच. म्हणून चॉकलेट चावावं लागत नाही, ते जिभेवर स्वतःच सैल होतं.

आजी अंडं खात नाही. आमच्याकडे अंड्याचा तवा वेगळा, तो गॅलरीतल्या कपाटात. टोस्टचा वास तिच्या खोलीपर्यंत जायचा आणि ती जपाची माळ ओढत गप्प बसायची. एका रविवारी मला ते सहन झालं नाही. अंड्याऐवजी दोन चमचे कस्टर्ड पावडर दुधात कालवली, बाकी सगळं तेच, आणि तिच्याच पोळ्यांच्या तव्यावर साजूक तुपात टोस्ट भाजला. तिने बशी मांडीवर घेतली, एक तुकडा मोडला. वितळलेलं चॉकलेट बोटावर आलं, ते तिने चाटलं. “पाव शिळा होता ना गं?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. “मग बरोबर आहे,” म्हणाली आणि दुसरा तुकडा मोडला.

आता शुक्रवारी रात्री चार स्लाइस डब्यात बाजूला काढून ठेवते, ती आजीच.