गोष्ट पाठवल्यानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. फेब्रुवारी ते मे आवक जोरात असते. सौदे उरकले की वजनं जुळवायची, हमाली-तोलाई धरून शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या, खरेदीदारांची बिलं काढायची. घरी येईतो रात्र होते, आणि कपड्यांबरोबर पिशवीतल्या वहीलाही हळदीचा वास लागलेला असतो. त्यामुळे माझं लिहिणं पहाटेचं. साडेचारला उठतो आणि घर जागं होईपर्यंत बसतो. हंगामात नवी कथा सुरू करत नाही, कारण मध्येच दोन दिवस सुटले तर तिच्यातल्या माणसांचे आवाज पुसट होतात. त्या महिन्यांत जुन्या मसुद्यांवर काम. वाक्य हलक्या आवाजात म्हणून पाहायचं, जीभ अडखळली तिथं पेन्सिलीची खूण करायची, दुसऱ्या दिवशी फक्त खुणा पाहायच्या. नवं लिहायचं ते पाऊस लागल्यावर, यार्डातली वर्दळ ओसरली की.

हेच दिवस दिवाळी अंकांना साहित्य पाठवायचे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि हळूहळू मराठी कथेचं सगळं वर्षच दिवाळीभोवती फिरू लागलं. वर्षभर नियमानं कथा छापणारी मासिकं आता मोजकीच राहिली आहेत. दिवाळीला मात्र शेकड्यांनी अंक निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये साहित्य जमा होतं, गणपतीच्या सुमारास पानं लागतात. त्या वेळी कथा संपादकाच्या टेबलावर नसेल, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायचं.

पाठवणं सोपं झालं आहे, यात शंका नाही. पूर्वी फुलस्केपवर एका बाजूला सुवाच्य अक्षरात लिहून, परतीच्या टपालाची तिकिटं लावलेलं पाकीट आत घालून रजिस्टर करावं लागायचं. ते रजिस्टर पोस्टही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं. आता युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल ईमेलनं जाते. तिकडं अंकाची पानं जुन्या फॉण्टमध्ये लागणार असतील, तर फाइल बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, म्हणून सोबत पीडीएफही जोडतो. एवढं करून बटण दाबलं की कथा क्षणात पोचते. आणि त्यानंतर काहीच होत नाही.

हे ‘काहीच न होणं’ नव्या लेखकाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा भाग व्यापतं. नकाराबद्दल लोक सहानुभूती दाखवतात, पण नकार तितका अवघड नसतो. ‘साभार परत’ असा शिक्का आला तरी कुणीतरी ती पानं हातात घेतली होती एवढं कळतं. उत्तरच आलं नाही, तर कथा कुठं पडली, वाचली गेली का, पहिल्या पानावर सोडली की शेवटी, काहीच समजत नाही. घरी दुखावल्यासारखं होतं ते वेगळं. माझं म्हणणं धंद्याचं आहे. कथा लिहिणाऱ्याला पुढची कथा सुधारायला जी माहिती लागते, ती उत्तरातूनच मिळते.

एकदा ती मिळाली, तेव्हा तिची किंमत कळली. माझे सासरे हरिपूरचे. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी ओळखलं जायचं. तिथल्या घट्ट मातीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डे खणून त्यात हळद साठवत. तोंड बंद केलं की माल वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकायचा. २००५च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली, आणि माल शीतगृहांकडे गेला. मी लिहिलेली कथा पेवात उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या हमालाची होती. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत जात नाही, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. काही तास तोंड उघडं ठेवतात, मग दोरीनं कंदील सोडून पाहतात. तो विझला तर थांबायचं. माझ्या कथेत ही गोष्ट अगदी शेवटी येत होती, म्हाताऱ्याचा मुलगा कंदील न सोडताच उतरतो त्या प्रसंगानंतर.

ती कथा एका छोट्या दिवाळी अंकाकडे गेली. संपादकांचा दुपारी दुकानात फोन आला. म्हणाले, “दिवाणजी, कंदिलाचं आधी सांगा. दुसऱ्या पानावर सांगा, सहज, कामाचा भाग म्हणून. मग मुलगा उतरतो तिथं तुम्हाला काही म्हणावं लागणार नाही. वाचकच ‘थांब’ म्हणेल.” फोन पाच मिनिटांचाही नसेल. मी पहाटे तो परिच्छेद हलवला, आणि शेवटच्या दोन पानांतली भीती, अंधार, शांतता असे सगळे शब्द आपोआप निरुपयोगी झाले. ते काढून टाकले. माहिती कधी द्यायची, यावर कथेचा ताण अवलंबून असतो, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. पण माझ्याच पानावर, माझ्याच मजकुरात ते दिसलं, तेव्हा हाताला कळलं. तेव्हापासून प्रत्येक मसुद्यात मी वाचकाला काय आधी ठाऊक हवं याची वेगळी यादी करतो.

मराठीत अशी उत्तरं देणारी एक मोठी परंपरा होती. ‘सत्यकथा’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी कथेविषयी तपशिलानं पत्रव्यवहार करत, दुरुस्त्या सुचवत, पुन्हा लिहून मागत. पुण्या-मुंबईबाहेरच्या लेखकाला याचा केवढा आधार असेल! जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून लिहीत होते. त्यांची पत्रं वाचली की कळतं, गर्दीपासून लांब राहणाऱ्या या माणसाचा साहित्याशी संवाद किती भरघोस होता. त्यांचे स्नेही म. द. हातकणंगलेकर तर आमच्या सांगलीतच होते. याच जिल्ह्यातल्या मळणगावचे दिनकर भोसले शिक्षकी करता करता ‘चारुता सागर’ या नावानं कथा लिहीत होते. ‘नागीण’सारखा संग्रह लिहिणारा माणूस कवठेमहांकाळ तालुक्यात बसून लिहितो आणि महाराष्ट्राला ठाऊक होतो, यात त्याच्या प्रतिभेइतकंच दूरवर बसून वाचणाऱ्या संपादकाचंही श्रेय आहे. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद झालं. मासिकाच्या आवडीनिवडींवर टीका झाली, ती योग्यही असेल. १९६०च्या दशकातल्या लघुअनियतकालिकांची चळवळ प्रस्थापित साहित्याला नको असलेल्यांनीच उभी केली. पण मला खरी उणीव जाणवते ती तिथल्या टेबलाची, जिथं बसून कुणी तरी उत्तर लिहीत होतं.

आजच्या संपादकाला मी दोष देत नाही. बहुतेक अंक एक-दोन माणसं नोकरी सांभाळून काढतात, जाहिराती गोळा करण्यात त्यांचा अर्धा जीव जातो, आणि पेटीत आलेल्या सगळ्या कथा वाचायला त्यांना झोप मोडावी लागत असेल. तरीही दोन ओळी हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

संग्रहाचं प्रकरण आणखी वेगळं. प्रकाशकाला फोन केला की पहिला प्रश्न येतो, “कादंबरी आहे का?” कथासंग्रह हळू खपतात, नव्या नावाचे आणखी हळू, आणि पूर्वी हजार-अकराशेची निघणारी आवृत्ती आता पुष्कळदा काहीशेवर आली आहे. राज्यात अकरा हजारांहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, पण त्यांच्या अनुदानात नव्या कथाकाराच्या वाट्याला किती येणार! एका प्रकाशकानं हस्तलिखित न पाहताच छपाईचा खर्च मागितला. खर्च मागण्याला माझी हरकत नव्हती, तो व्यवहार आहे. न वाचण्याला होती. दुसऱ्यानं एक पानी करार पाठवला, त्यात सगळे हक्क कायमचे द्यायचे होते. हिशेबाच्या वह्यांमुळे कागद नीट वाचायची सवय आहे, म्हणून मी १९५७चा कॉपीराइट कायदा मिळवून वाचला. कलम १९ प्रत्येक नव्या लेखकानं वाचावं. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात, मानधन किती, हे त्यात असायला हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. तो करार मी सही न करता परत पाठवला.

वाटा आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे, तिथं संहिता तज्ज्ञांकडून वाचली जाते. स्वतःच पुस्तक काढायचं म्हटलं तर आयएसबीएन राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, लेखकालाही मिळतो. डेमी आकारात एकशे साठ पानं म्हणजे सोळा पानी दहा फर्मे; कागद, छपाई, बांधणी यांचा हिशेब मला करता येतो. ज्याचा हिशेब करता येत नाही ती गोष्ट संपादनाची. म्हणून छापखान्याच्या आधी मी त्यासाठी पैसे बाजूला ठेवतो आहे, आणि निवृत्त झालेल्या एका मुद्रितशोधकांना एकेक कथा देतो. त्यांच्या आधी पहिली वाचक घरातच. सासऱ्यांच्या बोलीतला संवाद वाचून दाखवला की बायको थांबवते, “अहो, आबा ‘कदाचित’ कधी म्हणाले नसते. ते म्हणतील, ‘आसंल बी.’” हमालाच्या तोंडी नंतर एकही ‘कदाचित’ राहिलं नाही.

अलीकडे रविवारी सकाळी दोन तरुण माझ्याकडे कथा घेऊन येतात. ओळखीच्या ओळखीनं आले. त्यांना मी शब्द दिला आहे की कथा आवडो न आवडो, महिन्याच्या आत एक पान लेखी उत्तर मिळेल. हंगामातही हा नियम मोडत नाही, त्यासाठी पहाटेतला अर्धा तास काढतो. सध्या समोर आहे ती त्यांच्यातल्या तासगावकडच्या मुलीची कथा. बेदाणा निवडणाऱ्या बायकांची. शेडमधलं त्यांचं बोलणं तिनं इतकं नेमकं उतरवलंय, की दाणा बोटांत धरून टाकण्याची गती वाक्यांत ऐकू येते. पण सहाव्या पानावर ती अचानक मालकिणीच्या मनात शिरते, आणि तिथून कथा समजावून सांगू लागते. मालकीण त्या बायकांना जेवढी दिसते तेवढीच ठेवली तर? तिचं छत्रीखाली उभं राहणं, मोजताना ओठ हलणं, एवढंच. सहावं पान काढून सात पानं राहतील, आणि पगाराच्या दिवशीचा प्रसंग चौथ्या पानावर आणावा लागेल, हे तिला पटेल असं लिहायचं आहे. शुद्धलेखनाच्या खुणा या खेपेला करणार नाही. त्या पुढच्या मसुद्यात.