एवढंसं पिल्लू, एवढासा दात

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी पिल्लू आलं. म्हणजे मुलीने आणलं. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका भटक्या कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक. वय अंदाजे दोन महिने, नाव खंडू.

पाठोपाठ क्रेट आला. आमच्या पिढीला क्रेट म्हटलं की सोड्याच्या बाटल्यांचा आठवतो. हा तारेचा, दार असलेला पिंजरा. आई म्हणाली, "लेकराला तुरुंगात टाकणार का रे?" आईचं वय ७९, गेली वीस वर्षं मधुमेह.

तिचा प्रश्न तुम्हालाही पडला असेल, म्हणून सांगतो. नीट वापरला तर पिंजरा तुरुंग नसतो. कुत्र्याला पाठीशी आडोसा असलेली, कोणी त्रास न देणारी झोपायची जागा आवडते. झोपायची जागा ओली करणंही ते शक्यतो टाळतं, त्यामुळे शी-शूची सवय लावायला पिंजऱ्याचा उपयोग होतो. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढाच मोठा घ्यायचा. फार मोठा घेतलात तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू! पहिले काही दिवस दार उघडंच ठेवून जेवण आत द्यायचं, ते आपणहून आत जाऊ लागलं की काही मिनिटं दार लावायचं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन-तीन तासांच्या वर शू धरू शकत नाही. झोपून उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचं. रात्रीही गजर लावून उठावं लागतं. घरातले सगळेच सकाळची फास्ट पकडून सीएसएमटीला जाणार आणि संध्याकाळी साडेसातला परतणार असतील, तर पिल्लू आणू नका. बारा तास पिंजऱ्यात कोंडणं याला ट्रेनिंग म्हणत नाहीत. आणि मे महिन्यात पिंजरा बाल्कनीत तर मुळीच नको.

हे सगळं मला माहीत होतं. तरी तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून दमून आलो, खंडूने माझी चप्पल फाडलेली पाहिली, त्याला उचललं आणि पिंजऱ्यात ढकलून कडी लावली. शिक्षा म्हणून. पिंजऱ्याच्या बाबतीत हीच सगळ्यात मोठी चूक. ते केकाटू लागलं. आईला राहवेना. तिने तारांमधून बोट घालून बिस्किट दिलं आणि घाबरलेल्या पिल्लाने बिस्किटाबरोबर बोटही धरलं. रक्ताचा एक थेंब आला.

मी काय केलं? "हात धुऊन घे" म्हणालो आणि जेवायला बसलो. आई म्हणाली, "बाळ आहे रे ते, त्याला कसला आलाय रोग." मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले. पिल्लाचाच दात, हाताला, थोडं रक्त. "डॉक्टर, एवढंसं पिल्लू आहे, इंजेक्शन लागेलच का?" नेहमीचं उत्तर तोंडात तयार होतं. कागदावर ०, ३, ७, २८ हे दिवस लिहिताना हात थांबला. तेवढाच दात माझ्या घरात लागून बारा तास उलटून गेले होते.

त्यांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. कुत्र्यांना रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, म्हणजे त्याआधीच्या पिल्लाला ते संरक्षण नसतं, आणि भटक्या आईच्या पिल्लाचा आधी कोणाशी संबंध आला हे कोण सांगणार? रक्त न येता ओरखडा असेल तरी लस लागते. रक्त आलं तर ती तिसरी श्रेणी, मग लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. याचं कारण सरळ आहे. लसीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडाभर ते दोन आठवडे लागतात, तोवर तयार अँटिबॉडीज जखमेतल्या विषाणूला अडवतात. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय नाही, रुग्ण जवळपास नक्कीच दगावतो.

सर्वात आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच गेली, आता दंडात देतात. मधुमेह, वय, गरोदरपण यांपैकी कशामुळेही ही लस टाळायची नसते. डोंबिवलीत शास्त्रीनगर, कल्याणला रुक्मिणीबाई, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय अशी पालिकेची रुग्णालयं आहेत, सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. इम्युनोग्लोब्युलिन आहे का, ते मात्र निघण्याआधी विचारून घ्या. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. कुत्रा ठणठणीत राहिला तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

त्या गृहस्थांना पाठवलं आणि घरी फोन केला. दुपारी आईला घेऊन गेलो. बोटाच्या टोकाला जागा ती किती, तिथे सुई टोचताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उशीर झाला तरी लस घ्यायचीच असते, त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या वेळ गेलेली नव्हती. पण परतताना रिक्षात तिने विचारलं, "काल रात्रीच का नाही सांगितलंस?" मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर असं की पिल्लू माझं होतं, आणि माझ्या पिल्लाला रेबीज असेल हे मला मनात आणायचं नव्हतं.

नंतर पिंजऱ्याचे नियम बदलले. राग आला की खंडूला आत घालायचं नाही. तो आत असताना कोणी हात घालायचा नाही, आईने नाही, पाहुण्यांच्या मुलांनी तर नाहीच. बिस्किट दारातून, वाटीत. दिवसभर खेळून दमलेलं पिल्लू जास्त चावतं, त्या वेळी त्याला झोपू द्यायचं.

खंडूचे दहा दिवस सुखरूप गेले. आईने सगळे डोस घेतले. तीन महिन्यांचा झाल्यावर त्यालाही लस दिली, जंतांचं औषध त्याआधीच सुरू झालं होतं. त्याच्या पुढच्या डोसची तारीख फ्रिजवर आईच्या साखरेच्या तपासणीच्या तारखेखाली लावली आहे. ती चिठ्ठी आईनेच लिहिली.